थंडीच्या दिवसांत उघड्यावर वापरावयाची वायर

रब्बीच्या हंगामात पहाटे गोठ्यात दिवा लावणे, पिलांना ऊब देणे किंवा कडबा कुट्टीचे यंत्र चालविणे यांसाठी घरातून अंगणात वायर ओढून न्यावी लागते. या कामी बहुधा घरात पडून असलेली पातळ वायरच वापरली जाते. ही काटकसर जिवावर बेतू शकते.

थंडीने वायरीचे काय होते, हे प्रथम समजून घ्यावे. साध्या वायरीवरील पी. व्ही. सी. चे आवरण थंडीत ताठ होते. निफाडसारख्या भागात थंडीच्या लाटेत पारा काही वेळा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. उन्हाने जुनाट झालेली वायर अशा पहाटे झटक्याने उलगडल्यास आवरणास बारीक चिरा पडतात व त्यांतून दव आत शिरते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा किंवा जनावराचा तिला स्पर्श झाला, तर शरीरातून वीज जमिनीत उतरते.

म्हणून वायर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आवरण. थंडीतही लवचीक राहणारी रबरी आवरणाची वायर उत्तम. पी. व्ही. सी. ची घ्यावयाची असल्यास ती उघड्यावरील वापरासाठी व कमी तापमानासाठी बनविलेली आहे, याची खात्री करावी. आय. एस. आय. चिन्ह अवश्य पाहावे.

दुसरी, तारांची संख्या. आत तीन तारा असाव्यात. तिसरी तार अर्थिंगची असते. ती कधीही मोकळी सोडू नये.

तिसरी, तारेची जाडी. १ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर सुमारे ६ अँपिअर वीजप्रवाह घेते. ५० मीटर लांबीच्या तांब्याच्या वायरीत दाब किती घटतो, ते पाहा : ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीत सुमारे १६ व्होल्ट, १.५ मध्ये ८ व २.५ मध्ये ५. मोटर सुरू होताना प्रवाह कित्येक पट वाढतो व घटही त्याच प्रमाणात वाढते. मग मोटर नुसती घुमते, तापते आणि अखेर जळते. यास्तव इतक्या अंतरावर मोटरीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. थोड्या दिव्यांना १.५ ची पुरते.

वापरताना गुंडाळी पूर्ण सोडावी. कारण बाहेर थंडी असली, तरी गुंडाळीत उष्णता कोंडते. उघड्यावर जोड देऊ नये. प्लग व सॉकेट दवापासून दूर, उंचावर व झाकलेले असावेत. कुंपणाच्या तारेवरून वायर नेऊ नये. मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे आर. सी. सी. बी. बसवून घ्यावे, वीज गळू लागताच ते प्रवाह तोडते.

रात्री वायर घरात ठेवावी. सकाळी पुरवठा बंद असतानाच ती सावकाश उलगडावी आणि तिच्यावरून हात फिरवून तपासावी. चीर आढळल्यास ती चिकटपट्टीने झाकू नये, वायर बदलावी. नव्या वायरीचा खर्च एकदाच होतो. गेलेला जीव मात्र परत येत नाही.