आफ्रिकन व्हायोलेट : डोंगरकपारीतून खिडकीत

आफ्रिकन व्हायोलेट हे नाव ऐकून ज्यांना बनफशाचा काढा आठवेल त्यांनी ती आठवण तूर्त बाजूला ठेवावी. बनफशा हे खरे व्हायोलेट. आपल्या या झाडाचा त्याच्याशी काही नातेसंबंध नाही. फुलाचा जांभळा रंग पाहून युरोपियनांनी ते नाव दिले आणि तेच रूढ झाले. याचे कुळ जेस्नेरिएसी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर निळी फुले धरणारी ऱ्हिंकोग्लोसम नावाची वनस्पती याच कुळातली आहे. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा समजतो त्याची भाऊबंदकी आपल्या घाटातही आहे.

या झाडाविषयी 'फार नाजूक', 'आपल्याकडे टिकत नाही' असे सर्रास बोलले जाते. माझे मत निराळे आहे. ते नाजूक नाही. त्याच्या सवयी निराळ्या आहेत, आणि त्या सवयी कोठून आल्या हे कोणी विचारीत नाही. म्हणून जोपासनेचे नियम सांगण्यापूर्वी त्याच्या गावी जाऊन येणे बरे.

टांझानियाच्या ईशान्येस, टांगा या बंदरापासून आत, उसांबारा नावाचे डोंगर आहेत. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे पाच अंशांवर. हिंदी महासागरावरून येणारे वारे या डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. आपल्या घाटमाथ्यावर घडते तेच येथेही घडते. फरक एवढाच की महाबळेश्वराचा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि मग आठ महिने कोरडे. पूर्व उसांबारात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो वर्षभर विभागून येतो आणि मधल्या दिवसांत धुके असते. तेथील उंच वृक्षांच्या सावलीत, ओढ्याकाठच्या शेवाळलेल्या खडकांच्या फटींत हे झाड उगवते. फटीत माती अशी फारशी नसतेच. ओंजळभर कुजलेला पाला असतो. पाणी सतत झिरपते, पण साचत नाही. दिवस-रात्र बाराही महिने जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे फुलायला ते ऋतूची वाट पाहत नाही.

एवढे लक्षात ठेवले तर पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

हा मुलूख १८९२ मध्ये जर्मनांच्या ताब्यात होता. वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाचा बॅरन टांगा येथे जिल्हाधिकारी होता. त्याला हे फूल दिसले आणि त्याने ते जर्मनीतील आपल्या वडिलांकडे पाठवले. वडील वनस्पतींचे शौकीन होते. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेन येथील राजोद्यानाचे प्रमुख हेर्मान वेन्डलांड यांनी १८९३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले 'सेंटपॉलिया आयोनँथा'. पहिला शब्द बॅरनच्या घराण्याचा. दुसऱ्याचा अर्थ व्हायोलेटसारखे फूल येणारी.

पुस्तकांत याला 'शोध' म्हणतात. उसांबारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शांबा लोकांच्या पायवाटा याच ओढ्यांवरून जातात. त्यांना हे फूल दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. पण त्यांच्यापैकी कोणाचे नाव या कथेत येत नाही. जर्मन भाषेत निदान डोंगराचे नाव उरले. ते लोक याला 'उसांबाराचे व्हायोलेट' म्हणतात. इंग्रजीने तर सगळ्या खंडाचेच नाव देऊन मोकळे केले. गंमत अशी की बॅरनचे नावही आता मागे पडले आहे. जनुकांच्या अभ्यासावरून २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी या झाडांचा समावेश 'स्ट्रेप्टोकार्पस' या मोठ्या प्रजातीत केला. 'सेंटपॉलिया' हे तिच्या एका विभागाचे नाव म्हणून शिल्लक आहे. स्ट्रेप्टोकार्पस म्हणजे पिळदार फळाचे. आपल्या झाडाचे फळ मात्र सरळ असते! असो.

माझा या झाडाशी संबंध आप्पांमुळे आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आप्पा पुण्यात बंगल्यांतून माळीकाम करतात. हौसेने आणलेली ही कुंडी पहिला बहर संपला की पुष्कळदा कचऱ्यात निघते. आप्पा ती घरी घेऊन येतात. दोन खोल्यांच्या आमच्या घराला पूर्वेकडे एकच खिडकी आहे आणि तिच्यात आज अशा सात कुंड्या आहेत. इंग्रजी पुस्तकातले मी वाचून दाखवते, आप्पा ते हाताने ताडून पाहतात. पुढील मजकुरात पुस्तकाचे किती आणि आप्पांचे किती, हे वेगळे काढणे मला आता अवघड जाईल.

उजेड हवा, ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचे कोवळे ऊन पडदा लावून चालते. पानांवर हात धरावा : सावली पुसट पडली तर उजेड योग्य, काळीभोर पडली तर जास्त. झाड स्वतःही सांगते. पानांचे देठ लांबून वर उचलले जाऊ लागले की उजेड कमी पडतो आहे. पाने फिकट होऊन गाभ्याशी घट्ट गोळा झाली की अधिक होतो आहे. खिडकी नसेल तर ट्यूबलाइट किंवा एलईडी दिव्याखाली, वीतभर अंतरावर, रोज बारा तास ठेवले तरी ते फुलते. रात्रीचा अंधार मात्र त्याला हवाच. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवावी, नाहीतर सगळी पाने खिडकीकडे धावतात.

आता पाणी. माझ्या समजुतीप्रमाणे दहांपैकी आठ झाडे पाण्यानेच मरतात, आणि तीही कमी पाण्याने नव्हे. खडकाच्या फटीत पाणी थांबत नाही, कुंडीत थांबते. मुळांना हवा मिळेनाशी होते, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नसल्याने पाने माना टाकतात. माणसाला वाटते झाड तहानले, म्हणून तो आणखी पाणी घालतो. येथे आप्पांची रीत सरळ आहे : आधी कुंडी उचलायची. हलकी लागली तरच पाणी. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागला पाहिजे.

पाणी पानांवर पडू देऊ नये. पानांवर मऊ लव असते, थेंब तिच्यात अडकून राहतो. पाणी पानापेक्षा बरेच गार असेल तर त्या जागच्या हिरव्या पेशी मरतात आणि पिवळट वलये उमटतात. ती पुन्हा जात नाहीत. म्हणून पाणी खोलीइतकेच कोमट असावे. थंडीत नळाचे पाणी रात्रभर भरून ठेवावे म्हणजे झाले. सर्वांत सोयीचे म्हणजे बशीत पाणी ओतून कुंडी तिच्यात अर्धा तास ठेवणे आणि उरलेले पाणी फेकून देणे.

याहून सोपी युक्ती वातीची आहे. समईतली वात जशी तेल ओढते तशी कुंडीच्या भोकातून नायलॉनची दोरी घालून तिचे दुसरे टोक खालच्या पाण्याच्या डब्यात सोडावे. माती लागेल तेवढेच पाणी ओढते. सुती वात घेऊ नये, ती कुजते. माती मात्र फार हलकी हवी, नाहीतर ती सदाचीच चिंब राहते. गावाला जाताना ही रीत विशेष उपयोगी पडते. बोअरचे पाणी असेल तर क्षार साचून कुंडीच्या काठावर पांढरे-तांबूस कीट चढते आणि त्याला टेकलेले देठ सडतात. महिन्या-दीड महिन्याने वरून भरपूर पाणी ओतून ते क्षार धुऊन काढावेत.

काळी माती या झाडाला वर्ज्य. धुतलेले कोकोपीट, चाळलेला पानांचा खत आणि परलाइट समभाग घेतले की पुरे. परलाइट महाग पडते. आम्ही कोळशाचा आणि विटांचा बारीक चुरा घालतो, त्यानेही निचरा चांगला होतो. कुंडी लहानच हवी. पानांचा घेर नऊ इंच असेल तर कुंडी तीन इंचांची. मोठ्या कुंडीत झाड सुखावेल ही समजूत चुकीची आहे. तेथे मुळे पोचत नाहीत तेवढी माती ओली राहून आंबते. जागा थोडी आवळ असली की फूलही लवकर येते.

उष्मा अठरा ते सत्तावीस अंशांपर्यंत मानवतो. पुण्याचा एप्रिल-मे त्याला जड जातो, तो उकाड्याइतकाच कोरड्या हवेमुळेही. खडे घातलेल्या परातीत पाणी ओतून कुंड्या खड्यांवर ठेवल्या की भोवतीची हवा थोडी दमट राहते. कुंडीचे बूड मात्र पाण्याला लागता कामा नये. त्या दिवसांत खत बंद. एरवी पातळ खत, डब्यावर लिहिले असेल त्याच्या पाव प्रमाणात. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने टिपून काढावा. पाकळ्यांवर पिवळे पराग सांडलेले दिसले तर फुलकिडे समजावेत आणि सगळी फुले-कळ्या एकदम खुडून टाकाव्यात.

आजची रंगीबेरंगी झाडे बऱ्याच अंशी अमेरिकेची करणी. लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या रोपवाटिकेने १९२६ च्या सुमारास जर्मनी व इंग्लंडहून बी मागवले आणि उगवलेल्या रोपांतून दहा निवडली. 'ब्लू बॉय' हे त्यांतले प्रसिद्ध. आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी ऑफ अमेरिका १९४६ मध्ये स्थापन झाली. पुढे गुलाबी, पांढरी, दुहेरी, झालरीची अशी हजारो वाणे निघाली. मूळ डोंगरात मात्र उलट चालले आहे. चहाचे मळे, शेती आणि जळण यांसाठी उंच झाडे पडली की खडकावर थेट ऊन येते, शेवाळ वाळते आणि त्याबरोबर हे झाडही. पूर्व उसांबारात १९९७ पासून अमानी हे राखीव वन आहे. केनियात तर एक जाती तैता टेकड्यांपैकी एम्बोलोलो या एकाच टेकडीवर उरली आहे. जगभरच्या खिडक्यांत कोट्यवधी कुंड्या असल्या तरी त्यांतून ही जाती परत मिळणार नाही, कारण त्या कुंड्या मोजक्याच पूर्वजांच्या वंशातल्या आहेत.

राहता राहिले ते वाढवणे. एका पानापासून पुरे झाड होते. फार जुने नाही, फार कोवळे नाही असे मधल्या फेरीतले पान घ्यावे, देठ दीड इंच ठेवून तिरपा काप द्यावा आणि ओलसर कोकोपीटमध्ये उभे खोचावे. वरून पारदर्शक पिशवी घातली तर उत्तम. महिन्याभरात मुळे फुटतात, दोन महिन्यांत बुडाशी उंदराच्या कानाएवढी पाने दिसू लागतात, आणि आठ-नऊ महिन्यांनी पहिले फूल. एका पानाला तीन-चार पिल्ले येतात. फुलावर चक्रासारखे पट्टे असलेले वाण मात्र पानापासून पट्टे धरीत नाही. त्याला बाजूचे फुटवेच वेगळे करावे लागतात.

आपल्या महाविद्यालयात कोणास पान हवे असल्यास द्वितीय वर्ष कला वर्गात माझ्याकडे मागावे. जांभळे आणि गुलाबी अशी दोन देता येतील. मे महिन्यात मागू नये, तेव्हा पान मुळे धरण्याआधी वाळते; पहिला पाऊस होऊन हवा निवली की यावे. येताना ओला केलेला कागद आणावा आणि देठ त्यात गुंडाळून न्यावा.