थकलेल्या हप्त्यांबद्दल

चि. निखिल,


परवा फोनवर ‘मामा, मी डिफॉल्टर झालो’ एवढंच म्हणालास आणि गप्प झालास. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, यातलं काही ठाऊक नाही, हेही त्यावरून कळलं. माझी सारी नोकरी वसुली खात्यात झाली, म्हणून सविस्तर लिहितो. निवांत वाच.

हप्ता चुकला त्याच दिवशी कायद्याने कसूर झाली, हे खरं. तुझ्या उद्योगाच्या कर्जाच्या करारनाम्यातलं बारीक अक्षरातलं कलम काढून बघ. मशिनचा विमा न भरणं, स्टॉक स्टेटमेंट न देणं हीसुद्धा बहुधा तिथे कसूरच असेल. पण कसूर होणं आणि खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होणं यांत नव्वद दिवस असतात. तुझे दोन हप्ते थकलेत, म्हणजे तू अजून अलीकडच्या काठावर आहेस. रिझर्व्ह बँकेचा हिशेब असा: 31 मार्चचा हप्ता दिवसअखेर पुरता आला नाही तर खातं त्याच तारखेपासून थकीत. 30 एप्रिलला ते थकीत खात्यांच्या पुढच्या गटात जातं, 30 मेला त्याच्याही पुढच्या, आणि 29 जूनला एनपीए. हे सगळं दिवसअखेरीला संगणकच करतो, तिथे मॅनेजरची ओळख कामाला येत नाही. आणि एकदा एनपीएचा शिक्का बसला की एखादा हप्ता भरून भागत नाही. मुद्दल आणि व्याज मिळून सगळी थकबाकी भरली तरच खातं पूर्ववत होतं. वर तुझ्या कॅश क्रेडिटलाही तोच शिक्का.

म्हणून आत्ताच लेखी अर्ज दे. ऑर्डर का थांबल्या, पैसे कोणाकडे अडकलेत, कधी येतील, सगळं लिही. उद्यम नोंदणीची प्रत जोड. लघुउद्योगांची अडचणीतली खाती सावरण्यासाठी 2015 पासून एक चौकट आहे. तिचा आधार हवा असेल तर उद्योजकानेही एनपीए होण्याआधी कागदांसह पुढे यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली सांगितलं आहे. अर्जाच्या प्रतीवर शाखेची पोच घ्यायला विसरू नकोस. तोंडी बोलणं फाइलला लागत नाही.

बँकेचे फोन उचलत नाहीस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. पैसे नसणं समजू शकतं. उत्तरच न देणं महागात पडतं. ताईचं घर तारण आहे. उद्या तारणावर वसुली करायच्या सरफेसी कायद्याची नोटीस आली तर रक्कम भरायला साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत तू लेखी हरकत घेतलीस तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पाकीट न फोडता कपाटात टाकलंस तर हा हक्क आपसूक जातो. कोर्टाचंही तसंच. समन्स लागूनही हजर झाला नाहीस, तर समोरच्याचं ऐकून एकतर्फी हुकूमनामा होतो. मग तुझी बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकलीच गेलेली नसते.

तुमचं गाव सुप्याजवळचं, म्हणून सांगतो. 1875 च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली ती सुप्यातच. पुढे चौकशी झाली तेव्हा दिसलं की कितीतरी हुकूमनामे एकतर्फी झाले होते; शेतकरी कोर्टापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांना वाचता येत नव्हतं, कोर्ट लांब होतं, हातात पैसा नव्हता. 1879 च्या कायद्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावलं, तो या लोकांसाठी. तू इंजिनिअर आहेस, कोर्ट तुझ्यापासून अर्ध्या तासावर आहे.

वसुलीवाले सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असतील, दमदाटी करत असतील, तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. त्यांना तसा अधिकार नाही. हप्ता भरायला दुसरीकडून चढ्या व्याजाचं ॲपवरचं कर्ज मात्र काढू नकोस. अशा वाटेने गेलेली बरीच घरं मी पाहिली आहेत.

आणि तुझा मेहुणा. त्याने प्रेमाने जामीनदार म्हणून सही केली. पण करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी तुझ्याकडे मागून मग त्याच्याकडे जाईल, असं नाही. त्याच्या दारात पत्र पडण्याआधी तू स्वतः जाऊन त्याला सांग. ताईलाही तूच सांग, मी सांगणार नाही. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, पण तिला घराबद्दल परक्याकडून कळता कामा नये.

शनिवारी मंजुरीपत्र, करारनामा आणि सहा महिन्यांचा खातेउतारा घेऊन ये. अर्जाचा मसुदा आपण दोघं मिळून करू. सोमवारी शाखा उघडली की तो तिथे पोचला पाहिजे.

तुझा
मामा