ठेवीदाराने बँकेचे नफा-तोटा पत्रक कसे वाचावे?

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला तथागत भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आहे. आम्ही घरसंसारात राहणारी माणसे, आमच्या इहलोकीच्या हिताचे काही सांगावे, अशी त्याची विनंती होती. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता. आरक्खसंपदा म्हणजे स्वकष्टाने आणि सन्मार्गाने मिळविलेल्या धनाचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत. आणि समजीविता म्हणजे आय व व्यय तोलून केलेला समतोल जीवनक्रम. तराजू धरणाऱ्यास पारडे किती झुकले व किती वर गेले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या आय-व्ययाचे भान असावे, असा दाखलाही तेथे दिला आहे.

आपल्या समाजातील दोन-तीन पिढ्यांनी शिक्षणाच्या बळावर यांतील पहिली संपदा साध्य केली. दुसरीकडे मात्र आपले पुरेसे लक्ष नाही. पूर्वीच्या गृहस्थाचे धन घरात असे आणि त्याला चोराचे, आगीचे, पुराचे भय असे. आजच्या गृहस्थाचे धन दुसऱ्याच्या खातेवहीत असते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, निवृत्तीचा पैसा, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव हे सारे आपण बँकेच्या हवाली करतो आणि दरवर्षी छापून येणारा तिचा अहवाल मात्र न उघडताच बाजूला ठेवतो. चलन आणि बँका हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, आपल्याला त्यातले काय कळणार, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या वारशाला शोभेल इतके अर्थभान आपल्या घराघरांत असावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक

बँकेच्या अहवालात दोन मुख्य पत्रके असतात. ताळेबंद हा ३१ मार्च या एका दिवशी बँकेकडे काय आहे आणि तिला कोणाचे काय देणे आहे, हे सांगतो. नफा-तोटा पत्रक हे १ एप्रिल ते ३१ मार्च या संपूर्ण वर्षात काय मिळविले आणि काय खर्ची पडले, हे सांगते.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. किराणा दुकानदार धान्य विकत घेतो आणि विकतो. बँकेचा माल म्हणजे पैसाच. ठेवीदाराकडून ती पैसा भाड्याने घेते आणि कर्जदाराला जास्त भाड्याने देते. या भाड्यालाच आपण व्याज म्हणतो. म्हणून आपली ठेव हे बँकेचे उत्पन्न नव्हे, ते बँकेचे आपल्याला असलेले देणे आहे. ठेवी वाढल्या म्हणजे बँक श्रीमंत झाली, हा समज चुकीचा आहे. ठेवी वाढल्या म्हणजे तिचे देणे वाढले.

बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ यातील तिसऱ्या अनुसूचीत या पत्रकाचा नमुना दिलेला आहे. व्यापारी बँकांच्या पत्रकात अर्जित व्याज, इतर उत्पन्न, दिलेले व्याज आणि कार्यचालन खर्च यांचा तपशील अनुक्रमे परिशिष्ट १३ ते १६ मध्ये मिळतो. त्यानंतर तरतुदी येतात. सहकारी बँकांच्या अहवालात साधारणतः एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला उत्पन्न अशी मांडणी असते. मांडणी निराळी असली तरी आशय एकच आहे.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, एका लहान बँकेकडे १०० कोटी रुपयांच्या ठेवी आहेत. भागभांडवल व राखीव निधी मिळून तिचा स्वतःचा निधी १० कोटींचा आहे. या ११० कोटींपैकी ७० कोटी तिने कर्जाऊ दिले, ३० कोटी सरकारी रोख्यांत गुंतविले आणि उरलेले १० कोटी रोख शिल्लक, इमारत इत्यादींत आहेत. कर्जावर ११ टक्के, रोख्यांवर ७ टक्के व्याज मिळते. ठेवींवर सरासरी ६ टक्के व्याज द्यावे लागते. तिचे वर्षाचे पत्रक असे होईल:

कर्जावरील व्याज : ७ कोटी ७० लाख
रोख्यांवरील व्याज : २ कोटी १० लाख
एकूण व्याज उत्पन्न : ९ कोटी ८० लाख
वजा, ठेवींवर दिलेले व्याज : ६ कोटी
निव्वळ व्याज उत्पन्न : ३ कोटी ८० लाख
अधिक, इतर उत्पन्न (कमिशन, लॉकरचे भाडे इत्यादी) : ७० लाख
वजा, पगार, भाडे, वीज, संगणक आदी खर्च : ३ कोटी
कार्यचालन नफा : १ कोटी ५० लाख
वजा, बुडीत व संशयित कर्जांसाठी तरतूद : ४० लाख
वजा, आयकर : ३० लाख
निव्वळ नफा : ८० लाख

व्याजापोटी आलेल्या प्रत्येक रुपयातील सुमारे ६१ पैसे ठेवीदारांकडे परत गेले. उरलेल्यातून कर्मचाऱ्यांचे पगार, शाखांचा खर्च, बुडीताची सोय आणि कर भागवायचा आहे. म्हणूनच बँकेच्या बलाबलाची पहिली खूण एकूण उत्पन्नात शोधू नये. ती निव्वळ व्याज उत्पन्नात दिसते. ज्या बँकेकडे बचत व चालू खात्यांतील ठेवी अधिक, तिला पैसा स्वस्तात मिळतो. जी बँक ठेवी खेचण्यासाठी इतरांपेक्षा फार जास्त व्याज देऊ करते, तिला तो पैसा तितक्याच चढ्या दराने, म्हणजे बहुधा अधिक जोखमीच्या कर्जदाराला द्यावा लागतो.

कार्यचालन नफ्याला सहकारी बँकांच्या अहवालात पुष्कळदा ढोबळ नफा म्हटलेले असते. सर्वसाधारण सभेतील भाषणात आणि वर्तमानपत्रातील जाहिरातीत अनेकदा हाच आकडा ठळकपणे सांगितला जातो. परंतु खरी परीक्षा त्याच्या खालच्या ओळीत, तरतुदींमध्ये असते.

तरतूद : पत्रकातील सर्वांत महत्त्वाची ओळ

पगार किती दिला, वीजबिल किती आले, हे निश्चित सांगता येते. दिलेल्या कर्जांपैकी किती परत येणार नाहीत, हे मात्र अंदाजानेच ठरवावे लागते. त्या अंदाजापोटी उत्पन्नातून बाजूला काढलेली रक्कम म्हणजे तरतूद. हा अंदाज संचालकांच्या मर्जीवर राहू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने नियम घातले आहेत. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकले, की ते कर्ज सामान्यतः अनुत्पादक ठरते. यालाच एनपीए म्हणतात. अशा कर्जावरील व्याज प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय उत्पन्नात धरता येत नाही, आणि मूळ रकमेसाठी टप्प्याटप्प्याने वाढती तरतूद करावी लागते. कर्ज पूर्ण बुडाले असे ठरल्यास ती शंभर टक्के होते.

आपल्या उदाहरणातील बँकेने ७ कोटींचे कर्ज, म्हणजे एकूण कर्जाचा दहावा हिस्सा, एकाच बड्या कर्जदाराला दिला आहे आणि त्याने वर्षभर काहीच भरले नाही, असे समजू. त्याचे ७७ लाखांचे व्याज उत्पन्नातून वगळावे लागेल. कार्यचालन नफा दीड कोटीवरून ७३ लाखांवर येईल. पहिल्या वर्षी १५ टक्के तरतूद धरली, तरी १ कोटी ५ लाख बाजूला काढावे लागतील. आधीची ४० लाखांची तरतूद आहेच. म्हणजे ८० लाखांच्या नफ्याच्या जागी ७२ लाखांचा तोटा होईल. पुढे सातही कोटी बुडाले, तर बँकेच्या स्वतःच्या १० कोटींच्या निधीतील मोठा वाटा त्यात संपेल. त्यानंतरचा प्रत्येक रुपया ठेवीदाराच्या खिशातून जाण्याचे भय उभे राहते.

आता दुसरी शक्यता पाहा. थकलेल्या कर्जदाराला बँकेने नवे कर्ज मंजूर केले आणि त्यातूनच जुन्याचे व्याज भरून घेतले. ग्रामीण भागात यालाच ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. खातेवहीत ७७ लाखांचे व्याज जमा दिसेल, तरतूद करावी लागणार नाही आणि पत्रकात पुन्हा ८० लाखांचा नफा उमटेल. बाहेरून एक पैसाही आलेला नसताना लाभांश वाटला जाईल. नफ्याचा आकडा हा रोख पैशाइतका ठाम नसतो, तो कर्जांविषयीच्या प्रामाणिकपणावर उभा असतो, हे या पत्रकाचे मर्म आहे.

दोन प्रत्यक्ष उदाहरणे

भारतीय स्टेट बँकेने २०१७-१८ या वर्षी सुमारे ५९,५११ कोटी रुपयांचा कार्यचालन नफा मिळविला, तरीही त्या वर्षी बँकेला सुमारे ६,५४७ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला. कारण एकच, थकीत कर्जांसाठी केलेली प्रचंड तरतूद. त्या वेळी तिच्या ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण १०.९१ टक्के होते. तोटा पाहून अनेकांना धास्ती वाटली. परंतु थकबाकी उघडपणे मान्य करून तिची सोय लावण्याची ती प्रक्रिया होती. २०२३-२४ साली हे प्रमाण २.२४ टक्क्यांवर आले आणि निव्वळ नफा ६१,०७७ कोटींवर गेला.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे. २०१८-१९ च्या पत्रकात या बँकेने सुमारे १०० कोटी रुपयांचा निव्वळ नफा आणि अल्प प्रमाणात अनुत्पादक कर्जे दाखविली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा उघड झाले की एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेले होते आणि ते लपविण्यासाठी हजारो बनावट खाती वापरली गेली होती. आरंभी ठेवीदारांना एकूण फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ती मर्यादा पुढे वाढत गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. तथापि मोठ्या ठेवीदारांना आपली पूर्ण रक्कम मिळण्यासाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत घालण्यात आली. एका बँकेने तोटा दाखविला आणि ती सावरली. दुसरीने नफा दाखविला आणि ती कोसळली.

लपविलेली खाती सामान्य ठेवीदाराला पत्रकातून दिसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरीही काही प्रश्न असे आहेत, जे विचारणारे सभासद सभेत असले तर संचालक मंडळाला सावध राहावे लागते.

सभेला जाताना विचारावयाचे प्रश्न

पहिला : निव्वळ व्याज उत्पन्न गेल्या तीन वर्षांत वाढते आहे की घटते आहे? एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवू नये. मागील वर्षाचा रकाना शेजारीच छापलेला असतो.

दुसरा : इतर उत्पन्नात एकदाच मिळणारी रक्कम किती? रोखे विकून किंवा इमारत विकून झालेला नफा पुढच्या वर्षी पुन्हा मिळेलच असे नाही.

तिसरा : निव्वळ व्याज व इतर उत्पन्न यांच्या बेरजेतील किती भाग खर्चात जातो? आपल्या उदाहरणात ४ कोटी ५० लाखांपैकी ३ कोटी, म्हणजे दोन-तृतीयांश. हे प्रमाण वाढत गेल्यास बुडीत सोसण्याची शक्ती कमी होते.

चौथा : थकबाकी वाढत असताना तरतूद कमी झाली आहे काय? तसे असल्यास नफा कोठून आला, हे विचारलेच पाहिजे.

पाचवा : सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे? संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्जे दिली आहेत काय?

सहावा : नफ्यातील किती रक्कम राखीव निधीत गेली? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा तेथे जाणे आवश्यक आहे. लेखापरीक्षकांच्या अहवालातील शेरेही याच वेळी वाचावेत.

विम्याचे कवच आणि त्याची सीमा

४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. त्यापूर्वी ही मर्यादा एक लाख होती. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत एकाच नावाने ठेवलेल्या रकमा एकत्र धरल्या जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तसेच पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही. गल्लीतील पतसंस्था ओळखीची असते, तिचे संचालक आपल्या सुखदुःखात येतात, व्याजही थोडे अधिक मिळते. म्हणूनच तिचे पत्रक अधिक बारकाईने वाचणे गरजेचे आहे. ओळखीपोटी प्रश्न न विचारणे ही कल्याणमित्तता नव्हे. संस्थेचे हित इच्छिणारा सभासदच तिला वेळीच प्रश्न विचारतो.

आपल्या निवासी विद्यालयातून शिकून गेलेले अनेकजण आज शिक्षक, लिपिक, परिचारिका, अभियंते आहेत. काहीजण पतसंस्थांचे सभासद व संचालकही असतील. ज्यांना हिशेब समजतो त्यांनी वर्षातून एक रविवार विहारात बसावे, आपल्या भागातील बँकेचा किंवा पतसंस्थेचा अहवाल समोर ठेवावा आणि उपासक-उपासिकांना त्यातील एकेक ओळ समजावून द्यावी. सभा बहुधा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि अहवाल त्याआधी सभासदांच्या हाती येतो. तो मिळाला की प्रथम तरतुदीची ओळ शोधावी, तिच्याशेजारचा मागील वर्षाचा आकडा पाहावा आणि मग निव्वळ नफ्याकडे वळावे.