भिजलेला संगणक सुरू झाला, पण बरा झाला का?



पावसाळ्यात छत गळते, कधी टेबलावर चहा सांडतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस तर वैनगंगेचे पाणी आपल्या भंडारा शहरात घराघरांत शिरले होते. भिजलेला संगणक दोन दिवस वाळवला की बऱ्याचदा सुरू होतो. आपण म्हणतो, झालं, वाचला! पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

असे का? पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार, गाळ, चहातली साखर मदरबोर्डवरच राहते. हा थर दमट हवेतला ओलावा धरतो. त्यातून वीज वाहिली की तांब्याच्या बारीक रेषा गंजतात. म्हणून बिघाड कधी महिन्याभरानेही दिसतो.

आपला जिल्हा भाताचा, त्यामुळे "तांदळात ठेवा" हा सल्ला लगेच मिळतो. पण तांदूळ क्षार काढत नाही, उलट त्याची भुकटी आत जाते.

चला तर मग, क्रमाने पाहू.

1. आधी मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा. बोर्डवरचा 3 व्होल्टचा गोल सेलही काढा. प्लग काढला तरी तो बोर्डाच्या काही भागाला वीज देतच राहतो.

2. हार्ड डिस्क वेगळी करा. कोरडी असेल तर दुसऱ्या संगणकाला जोडून आधी माहिती उतरवून घ्या. आत पाणी गेल्याची शंका असेल तर सुरूच करू नका, डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या.

3. भिजलेला पॉवर सप्लाय उघडू नका. बंद असतानाही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार असू शकतो. तो बदललेलाच बरा. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका.

4. रॅम काढून स्लॉट, पोर्ट आणि चिपच्या कडा भिंगाखाली बघा. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड म्हणजे गंज. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. ते पेट घेते, जवळ आग नको. मग पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा.

5. आता एकच रॅम लावून सुरू करा. मग एकेक भाग जोडत जा. जो जोडल्यावर अडले, तिथे शंका घ्या. रॅमसाठी मेमटेस्ट रात्रभर चालवा. प्रत्येक यूएसबी पोर्ट, नेटवर्क आणि आवाज वेगवेगळा तपासा.

6. महिन्याने पुन्हा उघडून बघा. तोपर्यंत निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या फक्त त्याच संगणकात ठेवू नका. संगणक नवा घेता येतो, पोरांच्या नोंदी परत मिळत नाहीत.

वर्गातील उपक्रम: काचेच्या एका तुकड्यावर मीठपाण्याचा, दुसऱ्यावर साखरपाण्याचा थेंब ठेवा. दोन्ही उन्हात वाळू द्या. मुलांना विचारा, पाणी गेलं, मग मागे काय राहिलं? बोर्डवर नेमकं हेच घडतं.

विद्यार्थी मित्रांनो, वायरला हात लावण्याआधी मोठ्यांना सोबत घ्या.