महाविद्यालयाची निवड आणि देवाचें मार्गदर्शन

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १६:६–१५, दानीएल १, लूक १४:२८–३०.

बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या खेडेगांवच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत एकच काळजी शिरते : आतां लेंकरास कोणत्या महाविद्यालयांत घालावें? ज्या घरांत पूर्वीं कोणी पदवी घेतलेली नाहीं, तेथें ही काळजी फार जड असते. फी भरण्यासाठीं शेताचा तुकडा गहाण पडतो, गाईम्हशी विकल्या जातात; आणि निवड चुकली तर त्याचें ओझें सबंध कुटुंबास वाहावें लागतें. अशा वेळीं आईबाप उपदेशकाकडे येऊन म्हणतात, "देवाची इच्छा काय आहे, तेवढें आम्हांस सांगा." ह्या प्रश्नास उत्तर कसें द्यावें, याचा विचार आजच्या पाठांत करूं.

१. पवित्र शास्त्र म्हणजे कौल नव्हे

देवास कौल लावण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. मूर्तीला फुलें चिकटवावीं. उजवें पडलें तर होकार, डावें पडलें तर नकार. आपण ती चाल सोडली. परंतु तिच्या मागची वृत्ति कधीं कधीं आपल्याबरोबर मंडळींत येते. डोळे मिटून शास्त्र उघडावें, बोट ठेवावें, आणि जें वचन बोटाखालीं येईल त्यावरून नाशिकास जावें कीं पुण्यास, हें ठरवावें. किंवा दोन महाविद्यालयांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहून लहान मुलाकडून एक उचलवावी. हें बाहेरून श्रद्धेसारखें दिसतें. परंतु ह्यांत देवाचें मन ओळखण्याची इच्छा थोडी, आणि उत्तर काढून घेण्याची घाई फार.

कोणी म्हणेल, मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली (कृत्यें १:२६), आणि गिदोनानें लोंकर ठेविली (शास्ते ६:३६–४०). खरें आहे. परंतु पेंटेकॉस्टच्या दिवशीं पवित्र आत्मा उतरल्यानंतर मंडळीनें पुन्हां चिठ्ठ्या टाकल्याचें प्रेषितांच्या कृत्यांत कोठें आढळत नाहीं. सात सेवक नेमतांना त्यांनीं माणसें पारखून निवडलीं (६:३). गिदोनाला तर देवाची आज्ञा आधींच मिळाली होती. लोंकरीनें त्यास नवा मार्ग दाखविला नाहीं. त्याचा कच्चा विश्वास देवानें दयेनें सांवरला, इतकेंच.

२. बंद दारें आणि उघडें दार

आतां कृत्यांचा सोळावा अध्याय पाहूं. पौलास आशिया प्रांतांत वचन सांगण्याची मनाई झाली. मग त्यानें बिथुनियाकडे जाण्याचा प्रयत्न केला. तेंहि दार बंद झालें. शेवटीं तो त्रोवसास आला. पुढें समुद्र. तेथें रात्रीं त्यास मासेदोनियांतील मनुष्याचा दृष्टांत झाला. ह्यांत चार गोष्टी ध्यानांत धराव्या.

पहिली, पौल चालत होता. दार बंद आहे हें दारापर्यंत गेल्यावांचून कळत नाहीं. जो मुलगा अर्जच भरीत नाहीं, त्यानें देव मार्ग दाखवीत नाहीं अशी तक्रार करूं नये.

दुसरी, दृष्टांत एकट्या पौलास झाला; परंतु त्याचा अर्थ "आम्हीं" ठरविला, असें लूक दहाव्या वचनांत सांगतो. एकाचें दर्शन सर्वांनीं मिळून पारखलें.

तिसरी, बंद दार कायमचें बंद नव्हतें. पुढें पौल त्याच आशियांतील इफिसांत दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. इतकेंच नव्हे, तर फिलिप्पैंत जिचें अंतःकरण प्रभूनें उघडलें, ती लुदिया आशियांतील थुवतीरा नगराचीच होती.

चौथी, उघड्या दाराच्या आंत फटके व तुरुंग होता. म्हणून वसतिगृहांत पहिलें वर्ष कठीण गेलें, इंग्रजी समजेना, घरची आठवण आली, एवढ्यावरून निवड देवाच्या इच्छेविरुद्ध होती असें समजूं नये.

३. पंडिता रमाबाईंचें उदाहरण

आपल्याच महाराष्ट्रांत ह्याचा एक दाखला आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचें दार त्यांस बंद झालें. तेव्हां त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकल्या व तेथें संस्कृत शिकवूंहि लागल्या. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं त्या अमेरिकेंत गेल्या, त्या तेथें दोन वर्षांवर राहिल्या. तेथें त्यांनीं फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचा अभ्यास केला; आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. पुढें केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें.

रमाबाईंचें बहिरेपण देवानें मुद्दाम पाठविलें, असें आपण म्हणूं नये; तें आपणांस सांगितलेलें नाहीं. परंतु एक दार लागलें म्हणून त्या परत फिरल्या नाहींत, आणि जें हातीं होतें तें शिकत गेल्या, हें आपण पाहतों. प्रवेशपरीक्षेंत गुण कमी पडून वैद्यकीची आशा सुटली म्हणून कित्येक मुलें आपलें आयुष्यच संपलें असें मानतात. त्यांच्या आईबापांनीं हा इतिहास त्यांस प्रेमानें सांगावा. टोचून बोलूं नये.

४. विश्वास आणि हिशेब

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा दाखला प्रभूनें शिष्यपणाविषयीं दिला. परंतु तो संसारालाहि लागतो. प्रार्थना केली म्हणून चौकशी टाळतां येत नाहीं. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशीं संलग्न आहे? परिचारिकेचें शिक्षण असेल तर त्या संस्थेस नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. ती पाहिली काय? पहिल्या वर्षाची नव्हे, सर्व वर्षांची फी, वसतिगृह, खाणावळ व पुस्तकें मिळून किती होतात? कोणती शिष्यवृत्ति मिळूं शकते? "आजच पैसे भरा, नाहीं तर जागा जाईल," असें म्हणणाऱ्या दलालाच्या हातीं घाईनें पैसे देणें म्हणजे विश्वास नव्हे.

दानीएलाकडे पाहा. बाबेलास जावें कीं नाहीं, हें कोणीं त्यास विचारलें नाहीं. खास्दी लोकांची विद्या व भाषा त्यास तीन वर्षें शिकावी लागली. तरी आपण कोठें विटाळून घ्यावयाचें नाहीं, हें त्यानें आधींच मनांत ठरविलें; आणि दहा दिवसांची परीक्षा नम्रतेनें मागितली. शाळा परक्यांची होती, ज्ञान देवानें दिलें (१:१७). म्हणून कोठें शिकावें ह्याहून मोठा प्रश्न हा कीं, तेथें कोणाचें होऊन राहावें.

५. उपदेशकांस दोन शब्द

"देवानें मला तुमच्या मुलाविषयीं असें सांगितलें," हें वाक्य सहज उच्चारूं नका. तुमच्या शब्दावर गरीब मनुष्य शेत विकील, आणि उद्यां फसल्यावर तो तुमच्यावर नव्हे, देवावर रुसेल. त्याच्याबरोबर गुडघे टेका, आणि मग त्याच्याबरोबर बसून माहितीपत्रक वाचा. मुलाचें मनहि विचारा. आणि पैसा थोडा आहे म्हणून मुलाला पुढें पाठवून हुशार मुलीला घरीं बसवीत असतील, तर तेथें गप्प राहूं नका. तिलाहि देणगी देवानेंच दिली आहे.

मननासाठीं प्रश्न

(१) पौलास बंद झालेलीं दोन दारें कोणतीं? पुढें त्यांपैकीं कोणतें उघडलें?

(२) कौल लावणें आणि प्रार्थना करणें ह्यांत भेद काय?

(३) आपल्या मंडळींतील कोणत्या मुलास किंवा मुलीस ह्या वर्षीं प्रवासखर्चाची, पुस्तकांची अथवा शहरांत ओळखीच्या ख्रिस्ती घराची गरज आहे? मंडळी काय देऊं शकेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कागदावर लिहून पुढील रविवारीं मंडळीच्या सभेपुढें ठेवावें. देव पुष्कळदां मार्ग दाखवितो तो आपल्या लोकांच्या हातांनींच.