एल्कमागे धावण्याआधी रेघ बघ

बाळ, यंदाच्या हंगामात तू मोंटानात एल्कच्या शिकारीला येतोयस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिचा पहिला प्रश्न होता, "पण हे कायदेशीर आहे ना?" रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार म्हटलं की तुरुंगच आठवतो. तिला सांग, इथं परवाना काढून, हंगामात, ठरवून दिलेल्या जनावराची शिकार करता येते. मात्र नवख्याचं घोडं इथं अडतं ते बहुधा जमिनीच्या हद्दीवर. गावाकडे बांधावरून भावाभावांत जुंपते, तसंच इथंही; फरक इतकाच की इथं बांध दिसत नाही, मैलोन्‌मैल गवतच दिसतं. न दिसणारा बांध दाखवायला आता फोनमध्ये अ‍ॅप आली आहेत. २००९ साली इथल्याच मिझूला शहरात निघालेलं ऑनएक्स हंट सगळ्यांच्या तोंडी आहे. हंटस्टँड, गोहंट हीसुद्धा चालतात. घे तुला हवं ते, पण आधी काकाचं ऐक.

१. आधी कागद, मग बंदूक — तू एच-१बी वर आहेस, आणि अशा व्हिसावरच्या माणसाकडे शिकारीचा वैध परवाना नसेल तर त्यानं बंदूक बाळगणंच इथल्या केंद्रीय कायद्यात बसत नाही. मित्रानं "जरा धर रे" म्हणून दिलेलीसुद्धा.

२. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घे आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून तो उघडतो का ते बघ — डोंगरात रेंज नसली तरी जीपीएस चालतं, पण नकाशाच नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका बघत बसशील.

३. वर्गणी एका राज्याची भरलीस की अख्ख्या देशाची, ते नीट वाच — एका राज्याचीच असेल तर मालकीच्या रेघा राज्याच्या सीमेवर संपतात, तुझा एल्क मात्र थांबत नाही.

४. रंग पाठ कर: पिवळा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, हिरवा फॉरेस्ट सर्व्हिसचा, निळा राज्य सरकारचा — पहाटे काळोखात, दस्ताना दातांत धरून रंगांची यादी शोधायला लागलास तर सोबतचे हसतील.

५. निळ्यावर लगेच भाळू नकोस — कोलोरॅडोत राज्याच्या ट्रस्टची जमीन शिकारीसाठी मुद्दाम खुली केलेली नसेल तर ती बंदच धरायची. रंग मालक सांगतो, मालकाची मर्जी सांगत नाही.

६. तुकड्यावर बोट ठेवलंस की मालकाचं नाव येतं. ते वाच, पण देववाक्य मानू नकोस — ती माहिती काउंटीच्या दप्तरातून येते, आणि जमीन विकली गेली तरी अ‍ॅपमध्ये काही काळ जुन्याच धन्याचं नाव राहतं.

७. नाव कळलं की दार ठोठाव — मोंटानात पाटी असो वा नसो, खासगी जमिनीवर शिकारीला परवानगी लागतेच. जाताना स्वच्छ सदरा घाल, ठिपक्याठिपक्यांचे शिकारी कपडे नकोत. बंदूक गाडीत राहू दे, आणि जेवणाच्या वेळी तर मुळीच जाऊ नकोस.

८. "नाही" म्हणाले तर हसून आभार मान आणि हात हलवून नीघ — पुढच्या वर्षी "हो" म्हणायला तेच दार लागतं. विचारलेलं दार कुरकुरत उघडतं, न विचारलेलं कोर्टात उघडतं.

९. होकार मिळाला तर चिठ्ठीवर घे: तारीख, गाडीचा नंबर, कुठलं कुरण, बरोबर किती माणसं — म्हातारा "हो" म्हणून झोपी जातो आणि सकाळी गाठ पडते ती त्याच्या जावयाशी, ज्याला काहीच ठाऊक नसतं.

१०. ओळख नसेल तर ब्लॉक मॅनेजमेंटच्या जमिनी बघ — तिथं रँचमालकानं मोंटानाच्या वन्यजीव खात्याशी करार करून शिकाऱ्यांना वाट दिलेली असते. पण नियम प्रत्येक रँचचे वेगळे. कुठं फाटकापाशी पेटीत नाव लिहायचं, कुठं आधी कोणाकडून तरी परवानगी आणायची.

११. नकाशावर रस्ता दिसला म्हणून गाडी घालू नकोस — पुष्कळ कच्चे रस्ते रँचवाल्याचे खासगी असतात, आणि त्यांच्या टोकाला सरकारी रान असलं तरी वाट सरकारी होत नाही.

१२. निळा ठिपका म्हणजे तू नव्हेस, तुझा अंदाज आहे — मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतं, झाडीत आणि कड्याखाली त्याहून जास्त. कुंपणापाशी नुसता उभा राहून बघ: तू हलत नाहीस आणि ठिपका मात्र रेघेच्या अलीकडे-पलीकडे डुलत असतो. म्हणून रेघेपासून चांगलं अंतर राखून चाल. ठिपका हलतो, गुन्हा हलत नाही.

१३. कुंपण दिसलं की "हीच हद्द" म्हणू नकोस — तार गुरांसाठी ओढलेली असते, जिथं खांब रोवायला सोपं गेलं तिथं. रेघ आणि कुंपण यांचं पटलं नाही, तर दोन्हीपासून लांब राहा.

१४. खांबावर नारिंगी रंगाचा पट्टा दिसला तर तिथंच थांब — मोंटानात त्याचा अर्थ "आत येऊ नका" असा असतो. टेक्सासला कधी गेलास तर तिथं हेच काम झाडावरचा जांभळा पट्टा करतो, आणि अ‍ॅपमध्ये हा रंग तुला दिसणार नाही.

१५. कोपऱ्यापाशी फार हुशारी नको.

याला जरा वेळ देतो, कारण तुझ्यासारखी शिकलेली पोरं इथंच वाद घालतात. १८६२ च्या कायद्यानं सरकारनं रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही अंगांना एकाआड एक चौकोन बहाल केले, एकेक मैल लांब-रुंद, ६४० एकरांचा. त्यामुळे नकाशावर आजही पांढरा खासगी, पिवळा सरकारी, पुन्हा पांढरा, पुन्हा पिवळा असे चौकोन दिसतात. दोन पिवळे चौकोन फक्त टोकाला टोक लावून भेटतात. त्या टोकावर बहुधा मोजणीवाल्यांनी रोवलेली पितळी चकती असते, तळहाताहून लहान. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जायचं तर त्या चकतीवरूनच पाय टाकायचा, आणि तेव्हा खांदे तरी खासगी जमिनीच्या हवेतून जाणारच. अशा कोपऱ्यांमागे अडकलेली सरकारी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत ८३ लाख एकर आहे, असा हिशेब ऑनएक्सनंच २०२२ मध्ये मांडला होता.

वायोमिंगमध्ये एल्क माउंटनपाशी मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१ साली असा कोपरा दुपाखी शिडी उभी करून ओलांडला. खासगी मातीला बूट लागू दिला नाही. तरी फौजदारी खटला झाला. ज्युरीनं २०२२ मध्ये सोडलं. मग मालकाचा दिवाणी दावा, त्यात सत्तर लाख डॉलरांहून मोठ्या नुकसानीची भाषा. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयानं आणि मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं कौल शिकाऱ्यांकडे दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालकाची याचिका ऐकायला घेतली नाही. मला विचारशील तर न्याय झाला. पण चार माणसांची चार वर्षं त्या एका शिडीपायी गेली. शिवाय मोंटाना दहाव्या सर्किटच्या कक्षेत येत नाही, आणि इथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं अजून बेकायदेशीरच धरतं. तेव्हा वायोमिंगचा निकाल इथल्या वॉर्डनला वाचून दाखवू नकोस.

१६. अ‍ॅपमध्ये खुणा जपून टाक — त्याच खटल्यात एका शिकाऱ्याच्या फोनमध्ये मालकाच्या जमिनीत टाकलेली एक खूण निघाली, आणि तो तिथं गेला होता की लांबून नुसती खूण केली होती, यावर वकिलांनी घोळ घातला. लांबून बघून खूण केलीस तर तिच्यापुढे तसं लिहून ठेव: "लांबून पाहिलं".

१७. चाललेल्या वाटेची नोंद मात्र सुरू ठेव — सरळ वागणाऱ्याला तीच साक्षीदार होते. फोन चुगली करतो तशी कड घ्यायलाही येतो.

१८. रेघेच्या काठावर उभ्या जनावराला गोळी घालू नकोस, कितीही मोठी शिंगं असोत — जखमी एल्क बरंच अंतर पळतो आणि पलीकडे जाऊन पडतो. मग त्याला आणायलासुद्धा मालकाची परवानगी लागते; "माझंच जनावर आहे" हे तिथं चालत नाही.

१९. नदीच्या भरवशावर राहू नकोस — मोंटानात नेहमीचं पाणी चढतं त्या खुणेपर्यंत पात्रातून चालत मासे धरायला मुभा आहे, पण तोच कायदा धरून एल्क मारायला जाशील तर फसशील.

२०. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेव, आणि कागदी नकाशा पाठपिशवीत — नोव्हेंबरच्या गारठ्यात बॅटरी बघता बघता बसते. थंडीत आधी फोन गारठतो, मग अक्कल.

२१. नकाशा बघायचा तर थांब, नळी सुरक्षित दिशेला कर, मग बघ — एका हातात भरलेली बंदूक आणि नजर पडद्यावर, असा माणूस मला शेजारी नको.

२२. फाटक उघडं असेल तर उघडं ठेव, लावलेलं असेल तर लावून ये — दुसऱ्याच्या दोनशे गायी गोळा करण्यात तुझी सुट्टी जाईल.

२३. कोणी गाडी थांबवून "इथं काय करताय?" म्हणालं, तर आधी बंदूक रिकामी करून बाजूला ठेव, नाव सांग, आणि मग विचार, "माझी चूक झाली का?" — फोन नाचवत "अ‍ॅप तर असं दाखवतंय" म्हणणाऱ्याला त्यांनी खूप पाहिलंय. ती जमीन त्यांच्या आजोबांनी मोजलेली असते. बहुतेक माणसं भली असतात. पुढच्या वेळी कुठल्या बाजूनं यायचं तेही सांगतात.

२४. शिकार मिळाली तर परवानगी देणाऱ्या घरी मांसाचा चांगला वाटा पोचव, नाही मिळाली तरी दोन ओळींचं आभाराचं पत्र टाक — इथं पत्र लिहिणारा पाहुणा दुर्मिळ झालाय, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

रायफलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो. तोवर वाट बघू नकोस. गवताची कापणी उरकली की ऑगस्टच्या शेवटी एखादा शनिवार-रविवार ये. दोन-तीन रँचवाल्यांशी तुझी गाठ घालून देतो. फोन गाडीतच ठेव, आणि येण्याआधी एकदा दाढी कर.