कर्जतहून अलिबाग : पेणवरून की बोटीने?

प्रश्न : आम्ही कर्जतजवळ दहिवलीला राहतो. घरात दोघांकडे सीएसएमटीपर्यंतचा लोकलचा पास आहे. दिवाळीनंतर दोन दिवस अलिबागला जायचं चाललंय. मुलांचा हट्ट आहे की लोकलने मुंबई गाठायची आणि तिथून बोटीने जायचं. सासूबाईंचं म्हणणं, सरळ पेणवरून एसटीने जाऊ. कमी दगदगीचं आणि कमी खर्चाचं कोणतं? आणि मनात नेहमी येणारी एक शंका : अलिबाग आमच्याच जिल्ह्याचं ठिकाण, मग इथून तिथे जाणं इतकं आडवळणाचं का?
— एक वाचक, दहिवली

उत्तर : वेळ, पैसा आणि दगदग एवढंच पाहायचं असेल तर सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. मुलांची बोटही सोडू नका, पण ती एका बाजूच्या प्रवासाला ठेवा. का ते सांगतो.

पेणचा रस्ता आधी घेऊ. कर्जत ते खोपोली साधारण पंधरा किलोमीटर, खोपोली ते पेण तीस आणि पेणहून वडखळ, पोयनाडवरून अलिबाग आणखी तीस. सगळं मिळून पंचाहत्तर ते ऐंशी किलोमीटर होतात. स्वतःची गाडी असेल आणि वार सुट्टीचा नसेल तर दोन-अडीच तासांत अलिबाग येतं. एसटीने, मध्ये पेणला गाडी बदलून, तीन तास धरा. खोपोलीपर्यंत लोकलनेही जाता येतं. तुमचा पास मुंबईच्या बाजूचा असल्याने पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या टप्प्याचं तिकीट मात्र वेगळं काढायला हवं. या मार्गावर लोकल मोजक्याच आहेत, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडा. एक लोकल चुकली की पुढची सगळी आखणी कोलमडते.

खोपोली सोडली की रस्ता डोंगराच्या पायथ्याने, भातखाचरांमधून जातो. वाटेत गागोद्याचा फाटा लागतो. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गागोद्यात झाला. मुलं बरोबर असतील तर स्वतःच्या गाडीने जाताना तिथे थांबा. दिवाळीनंतर कापणी-मळणीचे दिवस असतात, सगळ्या वाटेला भाताचा वास असतो. फक्त हा रस्ता रिकामा समजू नका. डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारी-येणारी जड वाहनं इथे बरीच असतात. दुचाकीवर, कुटुंबासह, अंधार पडल्यावर हा टप्पा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पेणला एक गोष्ट लक्षात ठेवा. गावातला एसटी स्टँड वेगळा आणि महामार्गावरची रामवाडी वेगळी. पनवेलकडून अलिबागला जाणारी एखादी गाडी रामवाडीवरूनच पुढे जाते आणि गावातल्या स्टँडवर बसलेला माणूस वाट पाहत राहतो. खोपोलीहून उतरलात की चौकशीच्या खिडकीवर विचारा, अलिबागची पुढची गाडी स्टँडमध्ये येणार की रामवाडीला थांबणार. एवढ्या एका प्रश्नाने अर्धा तास वाचतो.

वडखळनंतर गाडी गोवा महामार्ग सोडून अलिबागच्या रस्त्याला लागते आणि धरमतरच्या पुलावर चढते. खाली आंबा नदीची खाडी आहे. तिथे मालाने भरलेले बार्ज भरतीच्या पाण्यावर हळूहळू सरकताना दिसतात. मुलांना खिडकीजवळ बसवा. बोटीचं आकर्षण त्यांना आहेच, आणि ही खाडी म्हणजे रायगडच्या जुन्या जलवाहतुकीची मुख्य वाट. पूल होण्याआधी मुंबईच्या आगबोटी धरमतरच्या बंदराला लागत आणि उतारू तिथून पुढे पेण, नागोठण्याकडे जात. पोयनाड, तीनविरा ओलांडून कार्लेखिंड उतरली की अलिबाग आलंच. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी वडखळपासून कार्लेखिंडीपर्यंतच्या याच पट्ट्यात गाड्या तुंबतात, म्हणून दोन दिवस शक्यतो मंगळवार-बुधवार निवडा.

आता खर्च. एसटीत १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे तुम्हाला आणि सासूबाईंना ही सवलत लागू होते. सासूबाईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. एवढ्या माणसांत इतक्या कमी पैशांत अलिबाग गाठायचा दुसरा मार्ग नाही.

बोटीचं गणित वेगळं आहे. कर्जत ते सीएसएमटी रेल्वेने शंभर किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तास. गेटवेपर्यंत टॅक्सी किंवा बस. गेटवेहून मांडव्याला बोटीने सुमारे एक तास. मांडव्याहून अलिबाग आणखी अठरा-वीस किलोमीटर. गेटवेच्या बोटकंपन्यांच्या तिकिटात ही मांडवा-अलिबाग बस बहुधा धरलेलीच असते. तिकीट काढताना तसं विचारून घ्या आणि उतरल्यावर तिकिटाचा तुकडा फेकू नका. बोट मिळेपर्यंतची वाट धरून पाच तास सहज जातात. नकाशावर पाहिलंत तर कळेल : अलिबाग तुमच्या नैर्ऋत्येला आहे आणि तुम्ही आधी वायव्येला कल्याणपर्यंत जाताय.

तरीही बोट सुचवतो, ती दोन कारणांनी. पहिलं कारण तुमचा पास. ज्यांच्याकडे सीएसएमटीचा पास आहे त्यांना मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळा पडत नाही, खर्च फक्त बोटीचा. दुसरं म्हणजे मुलांनी समुद्रावरून मुंबई एकदा तरी पाहावी. गेटवे मागे पडत जातं, बंदरात नांगरलेल्या जहाजांच्या जवळून बोट जाते, समुद्रपक्षी बोटीच्या बरोबरीने उडत राहतात आणि मांडव्याची जेटी समोर दिसू लागते. हे रस्त्याने मिळत नाही. म्हणून जाताना पेणवरून एसटीने जा आणि येताना बोटीने या. जाताना सगळे ताजेतवाने असतात, गाडी बदलायचा त्रास वाटत नाही. येताना मुंबईला उतरलात की कर्जतची लोकल सीएसएमटीहूनच सुटते, बसायला जागा मिळते आणि दमलेली मुलं झोपून घरी येतात. मात्र दुपारच्या बोटीनेच निघा. शेवटच्या बोटीवर अवलंबून राहू नका, कारण त्यापुढे लोकलचे सव्वादोन तास असतात आणि संध्याकाळच्या गर्दीत सासूबाईंना उभं राहावं लागेल.

रो-रोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण बरेच जण गोंधळतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या वाहून नेणारी मोठी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मुंबईत राहणाऱ्याला ती वरदान आहे. कर्जतहून गाडी घेऊन आधी मुंबईच्या गर्दीत शिरायचं आणि मग ती बोटीवर चढवायची, याला अर्थ नाही. अटल सेतूचंही तेच. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीला न्हावा-शेवाशी जोडतो. अलिबागला जाणाऱ्या मुंबईकराचा वेळ त्याने वाचला. कर्जत-खालापूरच्या माणसाच्या वाटेत तो येतच नाही.

आता तुमची शंका. मला स्वतःला या प्रश्नातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कर्जत आणि अलिबाग एका जिल्ह्यात आले ते बऱ्याच उशिरा. कुलाबा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला १८६९ मध्ये, तेव्हा कर्जत ठाण्यातच राहिलं. कर्जत कुलाब्याला जोडलं गेलं १८९१ मध्ये. पण त्याआधी पस्तीस वर्षं, १८५६ मध्येच, रेल्वे नेरळ-कर्जतवरून पळसदरी-खोपोलीपर्यंत येऊन पोचली होती. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू होईपर्यंत पुण्याला जाणारे लोक खोपोलीला उतरून पालखीतून, घोड्यावरून किंवा पायी घाट चढत. त्याहीआधी मुंबईहून पनवेलपर्यंत होडीने यायचं आणि चौक, खालापूर, खोपोली करत घाटाखाली पोचायचं, असा शिरस्ता होता. नाना फडणवीसांनी खोपोलीला तलाव आणि मंदिर बांधलं ते याच वाटेवर. म्हणजे कर्जत-खालापूरचा सगळा व्यवहार शतकानुशतकं मुंबई-पुण्याच्या रेषेवर चालला. अलिबागची पाठ डोंगराला आणि तोंड समुद्राकडे. त्याचा व्यवहार होता रेवस, मांडवा, धरमतर या बंदरांतून मुंबईशी. दोन्ही भाग मुंबईला बांधलेले होते, एकमेकांना नव्हते. १८९१ मध्ये कागदावर जिल्हा बदलला, लोहमार्ग आणि बंदरं होती तिथेच राहिली. १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं, तेव्हाही यात फरक पडला नाही.

अलिबागला आजही प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळपर्यंत रूळ आहेत, पण ते राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्यासाठी आणि फक्त मालगाड्यांसाठी. जिल्ह्याच्या ठिकाणाजवळून खताच्या गाड्या जातात आणि माणसांना मात्र पेणला उतरून बस धरावी लागते, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न : आम्ही मोहोपाड्याचे. आम्हालाही अलिबागसाठी खोपोलीला उलटं जावं लागेल का?
— एक वाचक, मोहोपाडा (ता. खालापूर)

उत्तर : मुळीच नाही. तुमची सोय कर्जतकरांपेक्षा चांगली आहे. दिवा-रोहा गाडी पनवेलनंतर सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर अशी थांबत पेणला जाते. रसायनीला बसलात की पेण. पेण स्टेशन गावापासून थोडं बाजूला आहे, तिथून एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते. गाड्या दिवसातून थोड्याच असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर रसायनी, आपटा करत खारपाड्याला गोवा महामार्गावर निघा. पनवेलची गर्दी टळते. चौकच्या वाचकांनाही हाच रस्ता दांड फाट्यावरून सोयीचा. पुढे पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गावर लोकल धावू लागल्या की कर्जत, चौक, मोहोपे आणि चिखले इथल्या लोकांना पनवेलला येऊन पेणची गाडी धरणं सोपं होईल. मग खोपोलीमार्गाला खरा पर्याय उभा राहील.

प्रश्न : पावसाळ्यात बोटीने जाता येतं का?
— एक वाचक, नेरळ

उत्तर : गेटवे ते मांडवा बोटी जून ते ऑगस्ट बंद असतात. सप्टेंबरात हवामान पाहून सुरू होतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो पावसाळ्यातही चालते, पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. पावसाळ्यात पेणचाच रस्ता धरा. तिथेही अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी घरी थांबा. आणि ऋतू कोणताही असो, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल तर निघण्याआधी ओहोटीची वेळ पाहा. भरती असताना पोचलात तर किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल.

आता शेवटी त्यांच्याबद्दल, ज्यांनी प्रश्न पाठवला नाही. अलिबागला आपण फिरायला जातो तेव्हा तीन तास आणि पाच तास यातला फरक सोसता येतो. पण जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय आणि जिल्हा रुग्णालय सगळं अलिबागला आहे. कर्जतच्या डोंगरातल्या वाड्यांमधून एका दाखल्यासाठी, एका तारखेसाठी किंवा रुग्णाला घेऊन निघणाऱ्याला आधी कर्जत, मग खोपोली, मग पेण अशी प्रत्येक ठिकाणी गाडी बदलावी लागली तर त्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही जाते. त्याच्यासाठी सकाळी दहाच्या आत अलिबागला पोचवणारी आणि कार्यालयं सुटल्यावर परत आणणारी थेट एसटी ही प्राथमिक गरज आहे. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय पेणला रामवाडीतच आहे. कर्जत-खालापूरच्या ज्या वाचकांना कामासाठी अलिबागला वारंवार जावं लागतं त्यांनी आपल्या गावाचं नाव, जाण्याचा वार आणि सोयीची वेळ लिहून तिथे अर्ज द्यावा. ग्रामपंचायतीच्या ठरावासह दिलात तर उत्तम. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही, लेखी अर्जाची राहते.